साठ हजारांत पोटभर

हनोईत भिंतीवरचा भाव वाचताना शेवटची तीन शून्यं सोडून द्यायची. दुकानदारांनीही ती केव्हाच सोडली आहेत; पाटीवर नुसतं ‘६० के’ लिहिलेलं असतं. म्हणजे साठ हजार डोंग. रुपयाला साधारण तीनशे डोंग धरले तर झाले दोनशे रुपये. एवढ्यात जुन्या हनोईच्या कुठल्याही गल्लीत दुपारचं बुन चाचं जेवण होतं: निखाऱ्यावर भाजलेलं डुकराचं मांस, त्यावर आंबटगोड कोमट पाणी, तांदळाच्या शेवयांचा ढीग आणि टोपलीभर हिरवा पाला. पाला संपला की आणखी आणून ठेवतात, त्याचे पैसे लावत नाहीत. मुंबई-पुण्यातल्या एसी रेस्टॉरंटात ‘व्हिएतनामी’ नावाखाली जे मिळतं ते पाचशेच्या आत क्वचितच बसतं आणि त्यातली पुदिन्याची पानं मोजता येतात.

हे यांना परवडतं कसं, हा प्रश्न घेऊन मी हनोईत जेवत फिरत होते. स्वस्त खाणं म्हणजे दुय्यम खाणं, पैसे नसतील तेव्हा करायची तडजोड, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की स्वस्तपणा ही शिकावी लागणारी, पिढ्यान्‌पिढ्या घोटावी लागणारी कारागिरी असू शकते हे चटकन पटत नाही. हनोईतल्या बाकड्यांवर ते पटतं.

बुन चाचं दुकान शोधायला पत्ता लागत नाही. सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास गल्लीत निळसर धूर दिसायला लागतो, त्या दिशेने चालायचं. मी जिथे पुन्हा पुन्हा गेले त्या दुकानाची रुंदी दहा-अकरा फूट असेल. आतली खोली मात्र लांबच लांब, बोळकंडीच म्हणा. दाराबाहेर फुटपाथच्या कडेला पत्र्याची लांबट शेगडी आणि तिच्यासमोर वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली साठीची बाई. तारेच्या दुहेरी जाळीत मांसाचे तुकडे दाबून बसवलेले. एका जाळीत खिम्याच्या चपट्या टिक्क्या, दुसरीत पोटाकडच्या मांसाचे पातळ, चरबीची पट्टी असलेले काप. दोन्ही आधी मुरवलेले असतात: बारीक चिरलेले छोटे कांदे, मिरपूड, नुओक माम म्हणजे माशांपासून केलेलं खारं पाणी, आणि साखर जाळून केलेला काळा पाक. मांसाला तो तांबूस-तपकिरी रंग येतो तो या पाकाने.

चरबी निखाऱ्यावर टपकली की भडका उडतो. बाई जाळी उचलते, भडका बसू देते, पुन्हा टेकवते. पूर्वी हातात बांबूचा पंखा असायचा. आता शेगडीच्या तोंडाशी छोटा विजेचा पंखा लावलेला असतो आणि तो धूर थेट रस्त्यावर सोडतो. ही जाहिरातच. करपलेल्या कडा ती कात्रीने कापून टाकते. सुरी-फळीवर नव्हे, कात्रीने, हवेतल्या हवेत, दोन सेकंदांत. मग गरम तुकडे चिमट्याने थेट वाडग्यात. वाडग्यात नुओक माम, व्हिनेगर, साखर आणि पाणी यांचं फिकट मिश्रण असतं, कोमट, त्यात कच्च्या पपईचे आणि गाजराचे पातळ काप. खाणाऱ्याने शेवयांचा एक घास चॉपस्टिक्सनी उचलायचा, त्या पाण्यात बुडवायचा, मांसाचा तुकडा आणि पाला जोडायचा आणि तोंडात घालायचा. लसूण, मिरची आपल्या हाताने. सगळं एकदम कालवून टाकलं तर शेजारचा माणूस काही बोलत नाही, पण बघतो.

या शेवया म्हणजे बुन. कोकणातल्या माणसाला ओळख करून द्यायची गरज नाही; तांदळाचे शिरवाळे सोऱ्यातून नारळाच्या रसात पडण्याऐवजी इथे बुडवायच्या पाण्यात पडतात, एवढंच. हनोईच्या वेशीवरचं फू दो हे गाव पिढ्यान्‌पिढ्या बुन करत आलंय. गाव आता शहराच्या पोटात गेलं, पण काम चालू आहे. तांदूळ भिजवायचा, ओला वाटायचा, किंचित आंबू द्यायचा, पाणी काढून टाकायचं आणि ते पीठ दाबून उकळत्या पाण्यात शेवया पाडायच्या. रात्रभर हे चालतं आणि पहाटे टोपल्या मोटारसायकलींवर लादून शहरात येतात. बुन दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, आंबतो. त्यामुळे कोणी साठा करत नाही, त्यासाठी फ्रीज लागत नाही, आणि ‘कालचं’ विकायचा मोहही होत नाही. दुपारी दोनच्या सुमारास टोपली रिकामी झाली की दुकान बंद. बुन चा हे दुपारचं खाणं. रात्री ते मागणारा माणूस परगावचा समजावा, आणि रात्री ते विकणारं दुकान बहुधा परगावच्यांसाठीच उघडं असतं.

जगाला बुन चा माहीत झाला तो २३ मे २०१६ला. त्या दिवशी ले वान हू रस्त्यावरच्या हुओंग लिएन या साध्याशा दुकानात अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा आणि खाद्यभटक्या लेखक अँथनी बोर्देन निळ्या प्लास्टिकच्या स्टुलांवर समोरासमोर बसून जेवले. बिअरची बाटली ओबामांनी थेट तोंडाला लावली. बिल दोघांचं मिळून सहा डॉलर झालं आणि ते बोर्देनने दिलं, हे त्याने स्वतः जाहीर केलं. आता तिथे ‘काँबो ओबामा’ मिळतो: बुन चा, सागरी मेव्याचा तळलेला रोल आणि हनोई बिअर. ते टेबल, ती स्टुलं, वाडगे, बाटल्या २०१८ सालापासून काचेच्या पेटीत बंद आहेत आणि लोक त्या पेटीला पाठ लावून फोटो काढतात. जेवण ठीकच आहे. दोन गल्ल्या पलीकडे जास्त चांगलं आणि थोडं स्वस्त मिळतं, असं हनोईतला कोणीही सांगतो. प्रत्येकाच्या दोन गल्ल्या वेगळ्या.

मी जिच्याकडे जात होते त्या बाईला सगळे ‘को’ म्हणत. आत्याला वापरतात तो शब्द. व्हिएतनाममध्ये अनोळखी माणसालाही नात्यानेच हाक मारायची रीत आहे. वेटर पोरसवदा असेल तर धाकटं भावंड, जरा मोठी बाई असेल तर ताई, त्याहून मोठी तर आत्या किंवा आजी. समोरच्याचं वय ताडल्याशिवाय पाणीही मागता येत नाही. माझ्याबरोबर दुभाषी म्हणून कॉलेजातली एक मुलगी होती. तिच्यामार्फत मी कोला विचारलं, की साठ हजारांत हे कसं बसतं?

कोने आधी घराकडे बोट दाखवलं. दुकान तिच्या घराचा तळमजला. वरती ती, मुलगा, सून, नातू. जुन्या हनोईतली घरं अशीच: रस्त्याला तोंड जेमतेम खोलीभर, आत खोली पन्नास-शंभर फूट. रस्त्याकडचा भाग धंद्याला, मागचा आणि वरचा राहायला. भाडं नाही. मग तिने शेगडीकडे बोट दाखवलं. एकच पदार्थ. मेन्यूकार्ड नाही, म्हणजे दहा प्रकारचा माल भरून ठेवायला नको, आचाऱ्याला दहा गोष्टी यायला नकोत. गिऱ्हाईक बसलं की न विचारताच वाडगा येतो. विचारायचं असलं तर एवढंच, की तळलेला रोल हवा का. सून भांडी घासते, मुलगा गाड्या लावून घेतो आणि पैसे घेतो, कोची बहीण पाला निवडते. नोकर कोणी नाही. तिसऱ्यांदा तिने फुटपाथकडे बोट दाखवलं आणि हसली. तो कोणाचाच नाही.

त्या हसण्याचा अर्थ नंतर कळला. टेबलं-स्टुलं इतकी बुटकी का, याची बरीच कारणं सांगितली जातात. पण कोच्या मुलाने सांगितलेलं सगळ्यात पटलं. वॉर्डाची गाडी कोपऱ्यावर दिसली की पंधरा-वीस स्टुलं एकात एक घालून एका माणसाला एका दमात आत नेता आली पाहिजेत. सायगॉनमध्ये २०१७ साली पहिल्या जिल्ह्याचे उपाध्यक्ष दोआन न्गोक हाय यांनी फुटपाथ मोकळे करायची धडाकेबाज मोहीम काढली होती. भागाचं ‘छोटं सिंगापूर’ करून दाखवतो, नाही तर पद सोडतो, असं ते म्हणाले. पायऱ्या फुटल्या, पाट्या उखडल्या, गाड्या जप्त झाल्या. वर्षभराने त्यांनी खरंच राजीनाम्याचं पत्र दिलं. स्टुलं परत आली होती. हनोईतही अशा लाटा येतात आणि ओसरतात. चालणाऱ्याला फुटपाथ मिळत नाही ही तक्रार खरीच आहे. मीही रस्त्यातून, मोटारसायकलींच्या गर्दीतून चालत होते. पण त्या फुटपाथचं भाडं वाडग्याच्या किमतीत धरलं तर साठाचे नव्वद होतील हेही तितकंच खरं.

आणि मग तो पाला. हनोईचं जेवण स्वस्त ठेवण्यात त्याचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. लेट्यूस, कोथिंबीर, पुदिन्याचे दोन-तीन प्रकार, जांभळ्या पोटाची तिआ तो, लिंबाचा वास असलेली किन्ह जोय. हनोईतलं लांग हे गाव एका बारीक पानाच्या तुळशी-पुदिन्याच्या जातीसाठी प्रसिद्ध होतं, इतकं की त्या पानाला गावाचंच नाव पडलं. आता तिथे इमारती आहेत आणि पानं दुसरीकडून येतात, नाव तेच. वाडग्यात मांस किती असतं? आठ-दहा तुकडे. आपण ‘नॉनव्हेज थाळी’ म्हणून जेवढं अपेक्षित धरतो त्याच्या निम्म्याहून कमी. पण दर घासाला पाल्याचा वास बदलतो आणि पोट भरतं ते तांदळाने नि पानांनी. मांस इथे चवीपुरतं, भाजीचं काम ते करत नाही. ही युक्ती गरिबीतून आली यात शंका नाही, पण जेवणाऱ्याला ती गरिबी कुठे जाणवत नाही.

नुओक मामबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण त्याच्या वासाला घाबरून पळालेले मराठी पर्यटक मी पाहिले आहेत. थायलंडच्या आखातातल्या फू कोक बेटावरचा सगळ्यात नावाजलेला. आपल्या मांदेलीच्या कुळातली बारीक मासळी तीन भाग आणि मीठ एक भाग, लाकडाच्या प्रचंड पिंपांत दाबून साधारण वर्षभर ठेवतात. खालच्या तोटीतून जो तांबूस द्रव ठिबकतो तो पहिल्या धारेचा. २०१२ साली युरोपीय संघाने फू कोकच्या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. पण साठ हजारांच्या वाडग्यात पहिल्या धारेचा नुओक माम शोधायचा नसतो. तिथे कारखान्यातली स्वस्त बाटली असते, आणि चिमूटभर अजिनोमोटोही. कोने डबा लपवला नाही, मीही नाक मुरडलं नाही.

*

सकाळचं राज्य फोचं. गोमांसाच्या हाडांचा रस्सा, तांदळाच्या चपट्या पट्ट्या, वर मांसाचे पातळ काप आणि कांद्याची पात. बात दान रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानात मी रांगेत उभी होते. रांगेत उभं राहायचं, आधी पैसे द्यायचे, वाडगा स्वतः उचलायचा, उकळत्या रश्श्याने बोटं भाजत जागा शोधायची आणि जागा नसेल तर अनोळखी माणसाच्या टेबलावर कोपर टेकवायचं. कोणी या-बसा म्हणत नाही. २०२३च्या जूनमध्ये मिशलिनचं पहिलं व्हिएतनामी गाइड निघालं तेव्हा वाजवी दरातल्या चांगल्या खाण्याच्या यादीत या दुकानाचंही नाव आलं. दुकानाच्या वागण्यात त्याने काही फरक पडला नाही, रांग तेवढी लांबली.

पातेलं रात्रभर चुलीवर असतं. हाडं आधी उकळून ते पाणी फेकून देतात, मग ताज्या पाण्यात मंद आचेवर तासन्‌तास. आलं आणि कांदा सालीसकट विस्तवावर काळे होईस्तोवर भाजून घालतात. मसाला म्हणून बाद्यान, दालचिनी, मसाला वेलची, सगळं अख्खं, कापडात बांधून, आणि वास पुरेसा उतरला की पुरचुंडी बाहेर. बाद्यान उत्तरेकडच्या लांग सोन प्रांतातून येतं. ओळखीचाच मसाला, पण इथे तो वाटत नाहीत, त्याची नुसती चाहूल ठेवतात. पूर्वी ही पातेली भोकाभोकांच्या कोळशाच्या वड्यांवर उकळत. त्यांच्या धुराने शहराची हवा बिघडते म्हणून २०२०च्या अखेरपर्यंत त्या हद्दपार करायचं हनोईच्या प्रशासनाने ठरवलं. आता बहुतेक ठिकाणी गॅस किंवा विजेचं पातेलं. जुनी गिऱ्हाइकं चव गेली म्हणून कुरकुरतात, आणि रोज येतात.

फो फार प्राचीन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोई आणि नाम दिन्ह या पट्ट्यात तो रुजला असं मानतात. शेतीच्या बैल-रेड्यांना हात न लावणाऱ्या या भागात फ्रेंच लोक गोमांस मागू लागले आणि त्यांनी चांगला भाग नेल्यावर हाडं उरू लागली. नाम दिन्हजवळच्या वान कू गावचे लोक खांद्यावर कावड घेऊन हनोईत फो विकत फिरत. कावडीच्या एका टोकाला चूल नि पातेलं, दुसऱ्याला वाडगे नि शेवया. त्या गावचं को हे आडनाव आजही कितीतरी फोच्या पाट्यांवर दिसतं. थाक लाम या लेखकाच्या हनोईवरच्या लेखांचं पुस्तक १९४३ साली, त्याच्या मृत्यूनंतर आलं, त्यात या फेरीवाल्या खाण्याला मानाचं पान आहे. हनोईच्या चवींवरचं दुसरं गाजलेलं पुस्तक वू बांगचं. देशाची फाळणी झाल्यावर तो सायगॉनमध्ये राहत होता आणि हनोई पलीकडे राहिलं होतं. एखाद्या शहराच्या खाण्यावर इतकं जीव तोडून लिहायला बहुधा त्या शहरापासून तुटावं लागतं.

१९५४च्या फाळणीत आठ-दहा लाख लोक उत्तरेतून दक्षिणेत गेले आणि फोही त्यांच्याबरोबर गेला. सायगॉनमध्ये त्यात साखर वाढली, मोड आलेले मूग, तुळस, गोडसर सॉस आले. १९७५नंतर निर्वासितांबरोबर तोच अमेरिकेत, फ्रान्समध्ये, ऑस्ट्रेलियात पोहोचला. त्यामुळे जगभर ‘व्हिएतनामी’ म्हणून ओळखला जाणारा फो खरं तर सायगॉनचा. हनोईच्या दुकानात मोड आलेले मूग मागितले तर मालक ऐकू न आल्याचं दाखवतो.

उत्तरेत फाळणीनंतर काय चाललं होतं? खासगी दुकानं बंद होत गेली, फो सरकारी झाला. कुपनं आली, रांगा आल्या. मांस नसायचं. अमेरिकेची मानवरहित टेहळणी विमानं डोक्यावरून घिरट्या घालायची त्या दिवसांत लोकांनी या बिनमांसाच्या फोला नाव ठेवलं ‘पायलट नसलेला फो’. गरम पाणी, शेवया, अजिनोमोटो आणि पात. पोट भरायला त्यात गार भात कालवायचा. सरकारी दुकानातले अॅल्युमिनियमचे चमचे गिऱ्हाइकांनी खिशात घालू नयेत म्हणून मधोमध भोक पाडलेले असत, हे साठीपुढचा कोणीही हनोईकर हसत हसत सांगतो. भोकातून रस्सा गळायचा, म्हणून भराभर जेवायचं. डिसेंबर १९८६मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनाने ‘दोई मोई’ म्हणजे आर्थिक फेरबदलांचं धोरण स्वीकारलं आणि घराच्या तळमजल्यावर पुन्हा पातेली चढली. कोने तिची शेगडी त्यानंतर दोन-तीन वर्षांत मांडली. आधी ती कापडगिरणीत होती.

टंचाईतून आलेल्या आणखी एका चिजेचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४६ साली दूध मिळेना तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान झांगने अंड्याचा बलक साखरेबरोबर फेसून कॉफीवर घातला. त्याच्या नावाचं कॅफे अजून चालतं, बोळातून आत जावं लागतं. दूध आता ढिगाने मिळतं, पण अंड्याची कॉफी सुटली नाही.

*

पण रोजचं, ऑफिसवाल्यांचं, मजुरांचं, विद्यार्थ्यांचं दुपारचं जेवण फो नाही की बुन चाही नाही. ते ‘कोम बिन्ह दान’, म्हणजे साध्या माणसाचं भातजेवण. काचेच्या कपाटात किंवा नुसत्याच टेबलावर पंधरा-वीस ट्रे मांडलेले: टोमॅटोतलं तोफू, अंड्याची जाड पोळी, खारट-गोड पाकात शिजवलेलं डुकराचं मांस आणि अख्खी अंडी, तळलेला मासा, लोणच्यातली छोटी पांढरी वांगी. भाताची बशी हातात घ्यायची आणि बोट दाखवत पुढे सरकायचं. शेवटी उभी असलेली बाई बशीकडे एकदा बघते आणि आकडा सांगते. वजनकाटा नाही, दरपत्रक नाही. पस्तीस हजार, चाळीस हजार. मी दोन दिवस जवळपास तेच घेतलं आणि दोन आकडे ऐकले. दुसऱ्या दिवशी मासा मोठा होता म्हणे.

इथे बघण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे राउ मुओंग. वसई-पालघरकडे, मुंबईच्या काही मंडयांत नाळीची भाजी म्हणून मिळते तीच, पोकळ देठाची, पाण्याकाठी वाढणारी. लसणावर परततात किंवा नुसती उकडतात. उकडलेलं पाणी टाकून देत नाहीत. त्यात लिंबू किंवा साउ नावाचं आंबट फळ चेचून घालतात, पाण्याचा हिरवा रंग फिकटतो, आणि तेच सूप म्हणून भाताबरोबर येतं, फुकट. एका जुडीत एक भाजी आणि एक सार. उन्हाळ्यात भातावर हे आंबट पाणी ओतून घेणारे टाय लावलेले बँकवाले आणि सिमेंटने हात माखलेले गवंडी एकाच बाकड्यावर बसतात. टीप ठेवायची पद्धत नाही. वापरलेले कागद, लिंबाच्या फोडी टेबलाखाली टाकायच्या, मागून झाडू फिरतो. हे मला शेवटपर्यंत जमलं नाही, मी मुठीत कागद धरून बाहेर पडायचे.

मराठी माणसं या बाकड्यांवर फारशी दिसत नाहीत. दिसायला हवीत, कारण ती हनोईत आहेत, आणि भरपूर आहेत. २०२२पासून मुंबईहून थेट विमान आहे, २०२४ साली व्हिएतनामला गेलेल्या भारतीयांची संख्या पाच लाखांच्या घरात होती, आणि होआन किएम तळ्याकाठी संध्याकाळी अर्धा तास बसलं तरी ‘अगं इकडे बघ, फोटो काढतो’ ऐकू येतंच. पण टूरच्या ठरलेल्या जेवणात रोज रात्री पनीर, डाळ, नान. माझ्या हॉटेलात उतरलेल्या साताऱ्याकडच्या एका ग्रुपच्या व्हिएतनामी गाइडने मला विचारलं, की तुमच्या देशात लोक प्रवासाला गेल्यावर घरचंच का जेवतात? मी म्हटलं, भीतीने. तो म्हणाला, पण ते पनीर आमच्या जेवणाच्या चौपट महाग आहे.

भीती अगदीच खोटी नाही. शाकाहारी माणसाला व्हिएतनाम सोपं नाही. नुओक माम भाजीत असतो, लोणच्यात असतो, बुडवायच्या पाण्यात तर असतोच. ‘मांस नको’ म्हटलं तर मांस काढून बाकी तेच देतात. त्याऐवजी ‘तोय आन चाय’ म्हणायचं, म्हणजे मी व्रताचं, शाकाहारी जेवतो. ते सगळ्यांना कळतं, कारण बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला मांस न खाण्याची रीत आहे. ‘चाय’ अशी पाटी असलेल्या खास खाणावळी शहरभर आहेत, आणि साध्या चाय खाणावळीत भाताचं ताट कोम बिन्ह दानपेक्षा महाग पडत नाही. देवळाच्या वळणाच्या बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणही वर्ज्य असतो, तेव्हा माळकरी मंडळींनीही निर्धास्त जावं, एकदा विचारून घ्यावं इतकंच.

त्या साताऱ्याच्या ग्रुपमधल्या चौघांना मी अशा एका खाणावळीत नेलं. ताटात सोयाचे बेमालूम मांसासारखे केलेले तुकडे आले आणि काकूंचा हात थांबला. “अहो, हे मटण तर नाही ना?” काकांनी एक तुकडा चावून बघितला. “नाही गं, सोयाबीन आहे. आपल्या वड्यांपेक्षा बरं केलंय.” काकूंनी पर्समधून ठेच्याची बाटली काढली, उकडलेल्या राउ मुओंगवर घेतला, मग शेजारच्या टेबलावरच्या व्हिएतनामी बाईंनाही दिला. त्या बाईंनी डोळे पुसत पुन्हा मागितला. चौघांचं बिल रुपयांत सातशेच्या आत.

परतताना टॅक्सीत काकांनी ती गोष्ट काढलीच: व्हिएतनामच्या अध्यक्षांनी म्हणे अमेरिकेला हरवल्यावर श्रेय शिवाजी महाराजांना दिलं. मराठी व्हॉट्सअॅपवर ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे, पुरावा आजवर कोणी दाखवलेला नाही. युद्धाची खरी गोष्ट हवी तर सायगॉनच्या ली चिन्ह थांग रस्त्यावरच्या फो बिन्ह या दुकानाची सांगावी. खाली अमेरिकन सैनिक येऊन फो खात होते आणि वरच्या मजल्यावर मालक न्गो तोआय यांच्या आसऱ्याने व्हिएतकाँगची तुकडी १९६८च्या तेत हल्ल्याचे सायगॉनमधले बेत पक्के करत होती. ‘बिन्ह’ म्हणजे शांतता. काकांनी गोष्ट लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाले, “हाच तर गनिमी कावा.” मी वाद घातला नाही.

*

कोला एक गोष्ट मात्र किती वेळा विचारली तरी ती सांगेना: दिवसाला किती वाडगे विकले जातात. दुभाषी मुलगी खाली बघून हसायची. कारण करात होतं. घरगुती धंद्यांना वर्षानुवर्षं ठोक कर होता. अधिकारी आणि दुकानदार मिळून उलाढालीचा एक अंदाज ठरवत आणि त्यावर ठरावीक रक्कम भरायची. जून २०२५पासून वर्षाला एक अब्ज डोंगांच्या वर उलाढाल असलेल्या खाणावळींना करखात्याशी जोडलेल्या यंत्रातून प्रत्येक विक्रीचं इलेक्ट्रॉनिक बिल काढणं सक्तीचं झालं. अब्ज हा आकडा ऐकायला मोठा, पण रुपयांत तेहतीस-चौतीस लाख. साठ हजारांचे साठ वाडगे रोज, वर्षाचे तीनशे दिवस, की अब्ज ओलांडला. साठ वाडगे कोच्या दुकानात साडेबारापर्यंतच उठत असावेत. मी बसल्या बसल्या मोजत होते.

सरकारचं म्हणणं चूक कसं म्हणणार? रस्त्यापलीकडचा पगारदार खऱ्या कमाईवर कर भरतो, मग हिने का नाही? पण हिशेब ठेवायचा म्हणजे माणूस हवा, यंत्र हवं, बाजारातल्या पालेवालीकडूनही पावती हवी, आणि ती पालेवाली सायकलवर येते. अनेक छोट्या दुकानांनी नियम आल्यावर काही दिवस शटर ओढूनच ठेवलं होतं. शिवाय कोच्या सगळ्या हिशेबातून एक आकडा कायमचा गाळलेला होता, तो तिच्या पहाटे चारला उठण्याचा आणि त्या धुरात पस्तीस वर्षं बसण्याचा. सुनेला शेगडी नको आहे. ती स्पष्ट सांगते. तिला नखं रंगवायचं पार्लर काढायचंय, तळमजला तोच.

मी शेवटची गेले तेव्हा कोच्या मुलाने टॅब्लेट आणला होता आणि भिंतीवरच्या साठावर पासष्टचा कागद चिकटवला होता. तीस-पस्तीस वर्षं जेवणारे एक निवृत्त मास्तर कागद वाचून मोठ्याने बोलले, पाच हजार वाढवले तर निदान टिक्की तरी एक जास्त घाल. को शेगडीवरून उठली नाही. तिने तिथूनच ओरडून सांगितलं की पाला वाढव म्हण, टिक्की नाही.